महिला सायकल टीमसोबत दोन दिवसांचं सराव शिबिर, नागपूर: येण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात आमच्या टीमचं दोन दिवसांचं शिबिर असतं. शुक्रवारी संध्याकाळी जमायचं, रविवारी दुपारी जेवून निघायचं. नोंदणी सुरू झाली की माझा फोन पोळ्या लाटतानाही वाजत असतो, आणि दहातले आठ प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून टाकते. जिथे उत्तर लांबलंय, तिथे समजा की त्या गोष्टीवर आम्ही कधीतरी स्वतः आपटलो आहोत.

मी तर आत्ता कुठे शिकून राहिली. येऊ का?

या. सलग दीड तास सायकल चालवता आली पाहिजे, वेग कितीही असो. आणि एका हाताने हँडल धरून पाच-सात सेकंद सरळ जाता येतं का, तेवढं बघून या. पाण्याची बाटली काढायला आणि मागच्या बाईला खड्डा दाखवायला एक हात सोडावाच लागतो. जमत नसेल तर संध्याकाळी एखाद्या रिकाम्या मैदानावर सराव करा. बहुतेकींचं चुकतं ते एवढंच, की त्या सगळा भार हातांवर टाकून बसतात. भार सीटवर आणि पेडलवर घ्या, कोपर सैल सोडा. मग हँडल एका हातात आपोआप राहतं.

टीममध्ये निवड होते का? निवड झाली नाही तर?

निवड वगैरे काही नाही. ही चाचणी नाही. दोन दिवस टीम जशी सराव करते तसा तुम्हीही करायचा, बस. नंतर आमच्याबरोबर नियमित यावंसं वाटलं तर या, नाही वाटलं तर रस्त्यात भेटल्यावर हात करा.

सायकल तर मी रोज एकटीने चालवते. त्यात टीम काय वेगळं शिकवणार?

हा खरा प्रश्न, आणि अख्खं शिबिर याचंच उत्तर आहे.

पायांचा दम एकटीने वाढतो. पहाटे उठा, फुटाळा तलावाला चकरा मारा, चार महिन्यांत फरक दिसतो. पण दुसऱ्या सायकलच्या मागे हातभर अंतरावर राहून शांतपणे चालवणं एकटीने शिकता येत नाही. त्याला पुढे कुणीतरी लागतं, आणि तिच्यावर भरवसा लागतो. आम्ही त्याला 'चाक धरणं' म्हणतो.

त्याचा उपयोग काय? सपाट रस्त्यावर ताशी पंचवीस-तीसने जाताना तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग थोडा वाढवला तरी लागणारी ताकद त्याच्या कितीतरी पट वाढते. पुढची बाई हवा कापत असेल आणि तुम्ही तिच्या मागे नीट बसलात, तर साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. म्हणजे एकटीने चाळीस किलोमीटरला जीव जाणारी बाई आठजणींच्या रांगेत ऐंशी करून येते आणि वर 'एवढंच होतं?' असं विचारते. हे मी दर वर्षी बघते.

शनिवारी सकाळी हे रिकाम्या जागेत शिकवतो, रस्त्यावर नाही. आधी मागे एक सायकलभर अंतर ठेवून चालवायचं. मग अर्धं. मग, जमलं तर, अर्ध्या चाकाएवढं. नजर पुढचीच्या चाकावर खिळवायची नाही, हे सगळ्यात अवघड जातं. चाकाकडे बघत बसलं की चाक हललं तसा तुमचा हात हलतो. बघायचं ते पुढचीच्या खांद्याकडे आणि खांद्यावरून पलीकडे. वेग कमी करायचा तर ब्रेकला हात लावायचा नाही. पेडल मारणं थांबवा, पाठ सरळ करा, छाती वर काढा. वारा छातीवर आला की तोच ब्रेक लावतो. तुम्ही खचकन ब्रेक दाबलात तर मागच्या सहाजणी एकमेकींवर येतात.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: सीटवरून उठून उभ्याने पेडल मारायला लागलात की सायकल क्षणभर मागे सरकते. तुम्हाला कळतही नाही. मागचीला मात्र तुमचं चाक अंगावर आल्यासारखं वाटतं. म्हणून उठण्याआधी 'उठते!' असं ओरडायचं आणि पेडल खाली दाबतानाच उठायचं.

पुढचीच्या मागच्या चाकाशेजारी आपलं चाक नेऊ नका असं काहून म्हणतात?

माझंच सांगते. टीमबरोबरची माझी दुसरीच राईड, काटोल रोडवर फेटरीच्या थोडं पुढे. गप्पांच्या नादात माझं पुढचं चाक पुढच्या ताईच्या मागच्या चाकाच्या बाजूला वीतभर घुसलं होतं. तिने खड्डा चुकवायला किंचित बाजू घेतली. तिला फक्त 'खर्र' असा आवाज आला, ती तशीच पुढे निघून गेली. मी मात्र रस्त्यावर आडवी. दोन चाकं घासली की पडते ती मागची, कारण तिचं हँडल वळवणारं चाकच अडकलेलं असतं. कोपर सोललं, आणि हातात काचेच्या दोन बांगड्या होत्या त्या फुटून मनगटात रुतल्या. टाके तीन. म्हणून शिबिरात काचेच्या बांगड्या चालत नाहीत. यावर दर वर्षी एकदा तरी वाद होतो आणि दर वर्षी मी मनगट दाखवते.

पुढे राहायची वेळ आली तर? मला पुढे जायची भीती वाटते.

सगळ्याजणी आळीपाळीने पुढे येतात. पुढची बाई दोन-तीन मिनिटं हवा कापते, मग मागे नजर टाकून, हाताने खूण करून उजवीकडे सरकते आणि रांगेच्या शेवटी जाते. मागून ट्रक येत असेल तर तो जाईपर्यंत आहे तिथेच राहायचं.

नवीन मुलींची चूक भीतीची नसते, उत्साहाची असते. पुढे आली की पोट्टी सुसाट सुटते, कारण आता सगळे आपल्याला बघून राहिले ना! मागे रांग तुटते आणि ती एकटीच पुढे. तुम्ही दुसऱ्या नंबरवर असताना जो वेग होता तोच ठेवा. नाही जमलं तर अर्ध्या मिनिटात बाजूला व्हा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

मला शर्यतीत उतरायचं नाही. मग टीमचं कशाला?

आमच्यातल्या निम्म्याजणी शर्यतीत उतरत नाहीत. कुणाला ब्रेव्हे करायची असते: २०० किलोमीटर, साडेतेरा तासांच्या आत, पहिल्या-दुसऱ्या नंबरची भानगड नाही. कुणाला नुसतं रविवारी घराबाहेर पडायचं असतं.

तरी टीम म्हणजे काय ते समजायला शर्यतच बघावी. २०२४ सालची महिलांची टूर द फ्रान्स. डेमी फॉलरिंगच्या अंगावर पिवळी जर्सी होती, म्हणजे तोवरच्या सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून तीच पुढे होती. पाचव्या टप्प्यात शेवट जवळ आलेला असताना बऱ्याचजणी एकदम पडल्या, त्यात ती होती. उठून निघाली तेव्हा तिला ओढून न्यायला तिच्या टीममधली जवळ कुणी नव्हती, आणि त्याच टीमची ब्लांका वास पुढे तो टप्पा जिंकत होती. फॉलरिंगचं पावणेदोन मिनिटांच्या आसपास नुकसान झालं. शेवटच्या दिवशी आल्प द्यूएझच्या घाटात तिने जिवाच्या आकांताने टप्पा जिंकला, तरी आठ टप्पे मिळून कासिया न्येवियादोमा पुढे राहिली. किती? फक्त ४ सेकंदांनी. टीमने थांबायला हवं होतं की नाही, यावर तेव्हापासून भांडणं चालू आहेत. आमच्याकडे शुक्रवारी रात्री जेवताना हा विषय निघतोच. माझं मत: थांबायला हवं होतं. आमच्या कॅप्टनचं मत उलटं आहे. तुम्ही आल्यावर ठरवा.

माझ्याकडे रोड बाईक नाही. हायब्रिड किंवा एमटीबी चालेल का? लेकाची सायकल आणू का?

हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि एमटीबी यांच्या मधली, मस्त चालते. एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, तीही चालते, फक्त जाड गुठळ्यांच्या टायरमुळे दम जास्त लागतो. लेकाची सायकल तुमच्या उंचीला बसत असेल तरच आणा. वरचा दांडा मध्ये ठेवून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहता आलं पाहिजे. सीटची उंची अशी बघा: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर येतो आणि गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. नव्वद टक्के गुडघेदुखी सीट खाली ठेवल्याने होते, असं माझं मत आहे. डॉक्टर नाही मी.

अजिबात सायकलच नसेल तर उंची कळवा. टीमकडे दोन-तीन जास्तीच्या आहेत, आधी सांगेल तिला.

सायकल आणण्याआधी काय तपासू?

ब्रेक, चेन, टायर. ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडी हँडलला टेकली तर दुकानात न्या. चेन सुकी असेल तर तिला चेनचंच तेल द्या. खोबरेल नको, हसू नका, एकीने दिलं होतं. टायरच्या कडांना चिरा असतील तर बदला.

हवेचं जरा सविस्तर. २८ मिलिमीटरच्या टायरला, पन्नास-साठ किलो वजनाच्या बाईसाठी, सत्तर ते ऐंशी पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. एमटीबीला पस्तीस ते पंचेचाळीस. शंभरपर्यंत ठोकून भरल्याने वेग वाढत नाही, फक्त हाडं खिळखिळी होतात. रोड बाईकला बहुधा पातळ प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपावरची नळी त्याला बसत नाही, अडॅप्टर लागतो. छोटा पितळी असतो, सायकलच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. खिशात ठेवाच.

आणि तुमच्या मापाच्या दोन ट्यूब आणा. शनिवारी दुपारी प्रत्येकीने स्वतः ट्यूब बदलायची असते. घड्याळ लावत नाही. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली तरी चालेल. एकदा हात काळे झाले की नंतर काटोल रोडवर एकट्या असताना रडू येत नाही.

कपडे काय घालू? सलवार-कुर्ता चालेल?

सलवार घट्ट असेल तर चालेल, ओढणी चालणार नाही. ओढणी चाकात गेली की गळाच आवळते. लांब वेणी असेल तर अंबाडा घाला किंवा कुर्त्याच्या आत सोडा. मंगळसूत्र आत टाका. हेल्मेट सक्तीचं आहे, हेल्मेट नाही तर राईड नाही, यात कुणाचीही ओळख चालत नाही. एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका. वरून धडधाकट दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो.

गादीची चड्डी असेल तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. हे कुणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून मी सांगते. आतल्या चड्डीची शिवण पन्नास किलोमीटर घासली की काय होतं ते लिहीत नाही. राईड संपली की चहाआधी ती बदला.

सीट फार टोचते. मऊ जेलचं कव्हर घेऊ का?

नको. मऊ गादीत बसायची हाडं रुततात आणि सगळा दाब मधल्या नाजूक जागेवर येतो. अर्ध्या तासात बधिरपणा येतो तो त्यामुळेच. बायकांची बसायची हाडं बहुधा पुरुषांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे कंपनीने दिलेली अरुंद सीट पुष्कळजणींना बसतच नाही. जरा रुंद, बऱ्यापैकी कडक आणि मध्ये खाच असलेली सीट बघा. सीटचं नाक वर आलेलं असेल तर आधी ते समतल करून बघा, त्याला पैसे लागत नाहीत. निम्म्याजणींचं दुखणं तिथेच थांबतं. शनिवारी संध्याकाळी आमच्या तीन-चार वेगवेगळ्या सीट लावून बघता येतील.

पाळी त्याच दिवसांत येणार आहे. रद्द करू का?

तुम्हाला बरं वाटत असेल तर या, नसेल वाटत तर येऊन गाडीत बसा. कारण विचारणार नाही. पॅडचे पंख मांडीला घासतात, लांब राईडला त्रास होतो. कप वापरायची सवय असेल तर सगळ्यात सोपं. पण सवय नसेल तर पहिला प्रयोग शिबिरात करू नका. जास्तीचे पॅड सोबतच्या गाडीत निळ्या डब्यात असतात, डबा उघडायला कुणाला विचारावं लागत नाही.

याच निमित्ताने एक सांगते. चढावर सारखी धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर त्याला 'स्टॅमिना कमी आहे' म्हणून सोडून देऊ नका. आधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी आढळलं. बारापेक्षा कमी असेल तर सराव वाढवण्याआधी डॉक्टरांकडे जा. आणि सराव वाढवून खाणं कमी केल्यावर पाळी चुकायला लागली, तर 'आता ॲथलीट झाले' असं समजू नका. शरीराला खर्चाएवढं मिळत नाही, हाडांपर्यंत नुकसान होतं.

वजन कमी करायला येते. उपाशीपोटी राईड करू का?

आमच्याबरोबर नाही. उपाशी बाईचं लक्ष तिसाव्या किलोमीटरनंतर जातं, आणि तिच्या मागे आठजणी असतात.

मग काय खायचं?

राईडच्या दीड-दोन तास आधी साधं काही: शिरा, गूळ-पोळी, केळी, चहा. तासाभराच्या पुढची राईड असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात गेली पाहिजे. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असते, म्हणजे तासाला एक केळं आणि वर राजगिऱ्याचा लाडू किंवा चार-पाच खजूर. महागडे जेल लागत नाहीत. भूक लागायची वाट बघू नका. भूक लागली तेव्हा उशीर झालेला असतो. चिक्की आणलीत तर आधीच लहान तुकडे करून आणा. चालत्या सायकलवर अख्खी चिक्की चावताना एकीची दाढ हलली होती.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-साखर-मीठ. ओआरएसची पुडी आणत असाल तर तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला, मोठी पुडी म्हणजे पूर्ण एक लिटर. 'जरा घट्ट' केलं की मळमळतं.

नागपूरला येऊन राहिलो तर तर्री पोहे मिळतील ना? शनिवारी रात्री सावजी?

तर्री पोहे शनिवारच्या सरावानंतर, पोटभर. आधी नाही. झणझणीत सावजीबद्दल आमचा नियम असा: रविवारी राईड संपल्यावर कुठेही जा, कितीही खा. शनिवारी रात्री सावजी खाऊन रविवारी सकाळी सायकलवर बसलेली बाई आमच्या टीममध्ये होऊन गेली. आता ती स्वतःच सगळ्यांना नको म्हणते.

रविवारची राईड कुठे असते?

सेमिनरी हिल्सवरून निघून काटोल रोडने फेटरी, कळमेश्वर, तिथून धापेवाडा आणि पुढे आदासा. जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास. ज्यांना जमणार नाही त्या कळमेश्वरहून परत फिरतात, त्यांचे चाळीसेक होतात. त्यांच्यासोबतही टीमच्या दोघीजणी असतात, आणि गाडी मागे असतेच.

गोरेवाड्यापर्यंत गारठा बोचतो. कळमेश्वरला एमआयडीसीमुळे ट्रक असतात, तिथे एका रांगेत आणि गप्पा बंद. मोठा ट्रक अगदी जवळून गेला की आधी बाजूला ढकलतो आणि मग आत ओढतो. कोपर सैल असेल तर सायकल स्वतःच सावरते, हँडल आवळून धरलं तर जास्त डगमगते. धापेवाड्याला चंद्रभागेकाठी विठोबाचं देऊळ आहे, त्यावरूनच गावाला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. तिथे दहा मिनिटं थांबतो. आदासाचा गणपती टेकडीवर आहे, आमची शेवटची चढण तीच. वर पोचल्यावर जिला दर्शन घ्यायचं ती घेते, जिला नुसतं पायरीवर बसून राहायचं ती बसते. डिसेंबरात गेलो तर आंबिया बहाराची संत्री मिळतात. मी येताना जर्सीच्या मागच्या खिशात चार भरून आणते.

नागपूर तर सपाट. चढाचा सराव कुठे करणार?

फुटाळ्याहून तेलंगखेडीवरून सेमिनरी हिल्सवर या, मग बोला! छोटा आहे, पण लागोपाठ सहा वेळा केला की घाट विसराल. शनिवारी संध्याकाळी तोच. बसल्या बसल्या, हलक्या गिअरवर, पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा फिरतील असं. गिअर चढ लागण्याआधी बदलायचा. चढाच्या मध्यावर सगळा जोर पेडलवर असताना बदललात की चेन कडकड करते आणि उतरते. बाकी, रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार करायची सायकल शर्यत २०१७ साली एकट्याने पूर्ण करणारे डॉ. अमित समर्थ या सपाट नागपूरचेच आहेत.

समृद्धी महामार्गावर नेणार का? रस्ता फार छान आहे.

छान आहे, पण सायकलला परवानगी नाही. विषय संपला.

रस्त्यावर कशाची भीती जास्त? ट्रकची?

ट्रकवाले दिसतात, ऐकू येतात. मला जास्त भीती फटींची वाटते. नागपुरात सिमेंटचे रस्ते पुष्कळ, आणि दोन पट्ट्यांमधली फट रस्त्याच्या लांबीनेच जाते. पातळ टायर तिच्यात उतरला की ट्रामच्या रुळात गेल्यासारखा होतो, वळतच नाही. फट ओलांडायची तर शक्य तेवढी आडवी ओलांडा, तिरकी कापू नका. रेल्वे रुळांनाही तेच.

दुसरी कुत्री. पहाटे ती फॉर्मात असतात. एकटीने पळ काढायचा प्रयत्न केला की ती मागे लागतात. वेग कमी करा, जोरात 'हाट!' म्हणा, फारच आलं तर उतरून सायकल मध्ये धरा. रांगेत असाल तर कुत्र्याला चुकवायला अचानक वळू नका. कुत्रं एकीला चावेल, वळलात तर पाचजणी पडतील. ऐकायला निर्दय वाटतं, पण तसंच आहे.

किती वाजता निघता? थंडी किती असते?

उजाडल्याशिवाय निघत नाही. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या आसपास येतो. पारा दहाच्या आसपास असतो, कधी खाली जातो. निघताना थोडं कुडकुडायलाच हवं. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत घामाने भिजाल. पातळ विंडचीटर, हातमोजे, कानाला पट्टी. विंडचीटर नसेल तर जुन्या सायकलस्वारांचा उपाय आहे: वर्तमानपत्राचं पान जर्सीच्या आत छातीवर ठेवा. ऊन आलं की काढून टाका, पण रस्त्यावर नाही. पुढे-मागे दिवा लागतोच, धुकं पडलं तर दुपारीही लागेल.

मी सगळ्यात मागे राहिले तर?

शेवटच्या बाईच्या मागे टीमची एक असते, तिचं कामच ते आहे. शेवटच्या बाईला एकटं सोडून तिला पुढे जाता येत नाही, तुम्ही कितीही हळू गेलात तरी. ती फार बोलते, एवढं सहन करा.

क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट लागतात का?

नाही. आणि नवीन घेतले असतील तर ते पहिल्यांदा शिबिरात घालू नका. प्रत्येकजण एकदा सिग्नलवर उभ्या उभ्या, पाय सुटला नाही म्हणून, धप्पकन आडवी होते. काटोल नाक्यावर माझं तसं झालं तेव्हा शेजारच्या ऑटोतल्या आजींनी 'माय वो, चक्कर आली का?' असं विचारलं होतं.

पॉवर मीटर (पेडलवरची ताकद मोजणारं यंत्र), हृदयाचे ठोके मोजायचा पट्टा वगैरे?

असेल तर आणा. नसेल तर बोलून बघा: पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग लांब पल्ल्याचा आहे, दोन-तीन शब्दांवर धाप लागत असेल तर नाही.

रस्त्यात बाथरूमची सोय?

थांबे ठरलेले आहेत, पेट्रोल पंप आणि दोन देवळांजवळ. पंपावर स्वच्छतागृह द्यावंच लागतं, कुलूप असेल तर किल्ली मागायची, लाजायचं नाही. 'नको, उगाच थांबावं लागेल' म्हणून पाणी कमी पिऊ नका. बायकांचा हा जुनाच धंदा आहे आणि दुपारी डोकं दुखतं ते त्याचंच.

शिकवायला पुरुष असतात का? घरून विचारतात.

शिकवणाऱ्या सगळ्या टीममधल्याच. सोबतची गाडी आमच्यातल्या एकीचा नवरा चालवतो, आणि तो फक्त केळी वाटायला खाली उतरतो. मुक्काम एकाच हॉलमध्ये, गाद्या घालून. घरच्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर खुशाल बोलू द्या. सासूबाईंशी बोलायची मला सवय आहे. सोळा वर्षांखालच्या मुलीला मात्र एकटं घेत नाही, आईने किंवा ताईने सोबत यावं.

फी किती?

नोंदणीच्या अर्जावर आहे. मुक्काम, जेवण, पोहे त्यात आले. ट्यूब नाहीत.

बाहेरगावहून सायकल कशी आणू?

रेल्वेने येत असाल तर सायकल सामान म्हणून ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, जाते. स्टेशनवर सामान बुकिंगच्या खिडकीवर तासभर आधी पोचा, तिकीट आणि ओळखपत्र हातात ठेवा. सायकलवर नाव, मोबाईल नंबर आणि कुठून कुठे ते पुठ्ठ्यावर लिहून बांधा. मागचा गिअर बदलायचा भाग आधी फडक्याने गुंडाळा, मोडतो तोच. अमरावती-वर्ध्याकडच्या काहीजणी खासगी बसच्या डिकीत, पुढचं चाक काढून आणतात. तेही ठीक, फक्त सायकल गिअरच्या बाजूवर झोपवू नका.

परतीचं तिकीट किती वाजताचं काढू?

रविवारी चारच्या आधीचं नको. साडेबारा-एकपर्यंत सगळ्याजणी परततात, मग आंघोळी, आणि मग जेवायला गरम वडाभात आणि सांबारवडी. पुण्या-मुंबईच्या ताईंसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मागच्या वर्षी एकीने अडीचची गाडी काढली होती. सायकल बुक करायची म्हणून ती दीडलाच उठली, आणि तिच्या ताटातल्या दोन वड्या मी खाल्ल्या.